कळतं, पण वळत नाही : मेंदूचे भाग आणि आपलं वागणं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)



आजचा विषय 'मेंदूचे भाग आणि मानवी वर्तन' असा जाहीर झालाय. मी मेंदूचा डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग या विषयावर बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. माझं उत्तर एवढंच की, माणूस चुकीचं का वागतो हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा मेंदूच्या अभ्यासातून हाती आलाय. तो बाजूला ठेवून आता नीतीवर बोलता येत नाही.

आपल्या भाषेत चार शब्दांत हा प्रश्न मांडलेला आहे : कळतं, पण वळत नाही. साखर वाढलीय हे माहीत असतं, तरी हात जिलबीकडे जातो. मुलावर ओरडू नये हे पटलेलं असतं, तरी संध्याकाळी आवाज चढतोच.

सॉक्रेटिसला हे मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं असं की, जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. जो वाईट करतो त्याला खरं कळलेलंच नसतं. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या भागात याला हरकत घेतली. तो म्हणाला, हे आपण रोज जे पाहतो त्याच्या उलट आहे. माणसाला कळत असतं आणि तरी तो घसरतो. आपल्याकडे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारलंय, की इच्छा नसतानाही माणूस कुणीतरी बळेच ढकलल्यासारखा पापाकडे का जातो? म्हणजे वाद असा आहे : कळणं आणि वळणं ही एकच गोष्ट, की दोन वेगळ्या गोष्टी? मेंदूच्या अभ्यासाने या वादात ॲरिस्टॉटलच्या आणि आपल्या म्हणीच्या बाजूने साक्ष दिलीय. ती साक्ष काय आहे, आणि ती मान्य केली तर आपण एकमेकांना दोष देताना काय बदलायला हवं, एवढंच आज बोलायचंय.

आधी थोडा नकाशा

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण बसल्या जागी शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा तो घेतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत.

मानेच्या वर मेंदूचा देठ आहे. श्वास, हृदयाचे ठोके, झोप-जाग ही कामं तिथून चालतात. त्याच्या मागे लहान मेंदू. तोल आणि हालचालींची सफाई त्याच्याकडे. या सगळ्यावर सुरकुत्या पडलेला मोठा मेंदू. मागच्या बाजूला पाहण्याची व्यवस्था, कानांच्या बाजूला ऐकण्याची, डोक्याच्या वरच्या भागात स्पर्शाची, आणि कपाळाच्या मागे ललाटखंड, म्हणजे फ्रंटल लोब. मोठ्या मेंदूच्या आत खोलवर काही छोटे भाग आहेत. त्यातले तीन आज लागतील. बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस आणि सवयींशी संबंधित बेसल गँग्लिया.

इथे एक सावधगिरी. तळमजल्यावर सरडा, पहिल्या मजल्यावर सस्तन प्राणी आणि गच्चीवर शहाणा माणूस, असं मेंदूचं तीन मजली चित्र तुम्ही पाहिलं असेल. पॉल मॅक्लीन या शास्त्रज्ञाने ते मांडलं. समजायला सोपं आहे, पण उत्क्रांती अशी मजल्यावर मजला चढवत गेली नाही. सरड्यालाही मोठ्या मेंदूचा पूर्वज-भाग असतोच. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, हेही तसंच. भाषेसारखी काही कामं बहुतेकांत डावीकडे जास्त होतात हे खरं, पण त्यावरून माणसांचे दोन प्रकार पडत नाहीत. मेंदूचे भाग म्हणजे स्वतंत्र खाती असलेले मंत्री नव्हेत. ते वाद्यवृंदासारखे आहेत. तबला बंद पडला तर गाणं बिघडतं, पण म्हणून गाणं तबल्यात होतं असं आपण म्हणत नाही.

व्हरमाँटमधला अपघात

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य, कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडायचं काम चालू होतं. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाचं भोक लोखंडी पहारीने ठासत होता. ठिणगी पडली आणि दारू उडाली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची ती पहार डाव्या गालातून शिरली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडली. ललाटखंडाचा, मुख्यतः डावीकडचा, मोठा भाग गेला.

गेज मेला नाही. थोड्याच वेळात तो बोलत होता, बैलगाडीत बसून गावात आला. डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले आणि वीस वर्षांनी, १८६८ साली, त्याचा सविस्तर वृत्तांत लिहिला. बोलणं शाबूत, स्मरण शाबूत, चालणं-फिरणं ठीक. पण पूर्वीचा मेहनती, समतोल, मालकांचा लाडका मुकादम आता शिवराळ, लहरी आणि हट्टी झाला होता. बेत करायचा आणि सोडून द्यायचा. कंपनीने त्याला परत कामावर घेतलं नाही. ओळखीचे लोक म्हणायचे, हा आमचा गेज राहिला नाही.

पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पण गोष्ट पुढे आहे. काही वर्षांनी गेज दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि तिथे बरीच वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम त्याने केलं. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, उतारू सांभाळायचे, ठरल्या वाटेने जायचं. १८६० साली कॅलिफोर्नियात आकडी येऊन तो वारला. म्हणजे शेवटपर्यंत तो बिघडलेला, वाया गेलेला माणूस होता असं दिसत नाही. हा धागा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

परीक्षेत पास, संसारात नापास

गेजची चाचणी घेणारं तेव्हा कुणी नव्हतं. पण १९८५ साली एस्लिंगर आणि डमासिओ यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. शास्त्रीय साहित्यात तो 'ई. व्ही. आर.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. हिशेबनीस, संसारी, समाजात मान असलेला. वयाच्या पस्तिशीत मेंदूच्या आवरणाची गाठ काढताना डोळ्यांच्या खोबणीवरचा ललाटखंडाचा भाग काढावा लागला. त्यानंतर बुद्ध्यंक उत्तम, स्मरण उत्तम. पण हा माणूस एका संशयास्पद भागीदारीत पैसे घालून दिवाळखोर झाला, नोकऱ्या टिकेनात, लग्न मोडलं, लगेच दुसरं केलं तेही मोडलं. जेवायला कुठे जायचं हे ठरवायला तास जायचे. या हॉटेलातली बैठक, त्या हॉटेलातले पदार्थ, सगळ्याची चर्चा व्हायची आणि निर्णय व्हायचाच नाही.

आता नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की, अमुक प्रसंगी काय करावं, याचा परिणाम काय होईल, अशा कागदावरच्या प्रश्नांची त्याची उत्तरं चांगली होती. माझ्या वर्गात असता तर त्याला नीतिशास्त्राच्या पेपरात पहिला वर्ग मिळाला असता! म्हणजे कळत होतं. पूर्ण कळत होतं. वळत नव्हतं.

पुढे आयोवा विद्यापीठातल्या याच गटाने पत्त्यांचा एक खेळ केला. चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत बक्षीस मोठं, पण मधूनच दंड त्याहून मोठा. उरलेल्या दोनांत बक्षीस लहान, दंडही लहान, आणि शेवटी फायदा. निरोगी माणसं थोड्या डावांनंतर वाईट गठ्ठ्यांकडे जाईनाशी होतात. गंमत म्हणजे, हा गठ्ठा वाईट आहे असं ती तोंडाने सांगू शकण्याच्या आधीच, त्याकडे हात जाताना त्यांच्या तळहाताला किंचित घाम येऊ लागतो. ललाटखंडाच्या त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना तो घाम येत नाही. आणि त्यांच्यातले काही जण तर कोणते गठ्ठे वाईट हे बरोबर सांगतात आणि तरी तेच उचलत राहतात. या प्रयोगाच्या अर्थाबद्दल पुढे वाद झाले, ते होणारच. पण एक गोष्ट टिकली. ज्ञानाला वजन यायला नुसती माहिती पुरत नाही. ते ज्ञान शरीराला जाणवावं लागतं, टोचावं लागतं. आपण 'मनाला लागलं' म्हणतो ना, ते लागणं इथे तुटलेलं असतं.

दोरी, साप आणि थरथर

आता उलट बाजू. शरीर आधी, कळणं मागाहून.

वेदान्तात दोरीवर साप भासण्याचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. अंधारात दोरी दिसते, साप वाटतो, दिवा आणल्यावर भ्रम जातो. पण 'पंचदशी'त एक बारीक निरीक्षण येतं : दोरी आहे हे कळल्यावरही अंगाची थरथर लगेच थांबत नाही, हळूहळू शमते. चौदाव्या शतकातल्या या निरीक्षणाचं मला फार कौतुक वाटतं.

जोसेफ लदू यांनी उंदरांवर, आवाजाच्या भीतीबाबत, प्रयोग केले. त्यात दिसलं की बाहेरची बातमी अमिग्डालाला दोन वाटांनी पोचते. एक वाट मोठ्या मेंदूतून छाननी होऊन येते, दुसरी आडवाट आहे, ओबडधोबड पण जवळची. घातक वस्तूबाबत आधी उडी मारणं आणि मग विचार करणं जगायला सोयीचं असतं.

अमिग्डाला दोन्ही बाजूंनी नष्ट झालेली एक अमेरिकन स्त्री 'एस. एम.' या अक्षरांनी ओळखली जाते. आपल्याला सापांचा तिटकारा आहे असं ती सांगायची. संशोधकांनी तिला प्राण्यांच्या दुकानात नेलं, तर तिने साप हातात घेतला आणि आणखी मोठ्या सापांना हात लावू का म्हणून विचारत राहिली. तिला कुतूहल वाटलं, भीती नाही. मग अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र का? थांबा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली. जीव गुदमरल्यासारखा झाला आणि ही निर्भय बाई प्रचंड घाबरली. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती एका वाटेने आणि शरीराच्या आतून उठणारी भीती दुसऱ्या वाटेने. एक भाग, एक भावना, असं समीकरण मांडता येत नाही ते यासाठी.

वळतं, पण कळत नाही

आपल्या म्हणीची उलटी बाजूही मेंदूत सापडते. हेन्री मोलेसन या तरुणावर १९५३ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली. अपस्मार आवरण्यासाठी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. अपस्मार कमी झाला, पण नवी आठवण बनणं थांबलं. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. हे काम अवघड असतं, हात उलटा जातो. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण दर दिवशी त्याला वाटायचं की, आपण हे पहिल्यांदाच करतोय. हाताला वळण लागलं, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.

कारण सरावाने येणारं कौशल्य आणि सवय वेगळ्या यंत्रणेत घडतात. बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांचा त्यात मोठा वाटा. तिथला समतोल बिघडला तर वागणं कसं बदलतं, याचं एक उदाहरण पार्किन्सनच्या औषधांचं. डोपामाइनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे थोड्या रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा किंवा खाण्याचा अनावर नाद लागतो. गोळी बदलली की तो बहुधा ओसरतो. जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस गोळीने जुगारी होतो आणि गोळी बदलल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होतो. त्याला चारित्र्यहीन म्हणायचं का? (घरात कुणी या गोळ्या घेत असेल तर घाबरून त्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.)

मग दोष कुणाला?

आता मुद्द्याची गोष्ट. घरापासून सुरू करू.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा आजार आहे. तो बहुधा पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान सुरू होतो. सुरुवातीला स्मरण बऱ्यापैकी शाबूत असतं, म्हणून कुणाला आजाराची शंकाच येत नाही. बदलतं ते वागणं. मवाळ बोलणारे काका चारचौघांत काहीबाही बोलतात. बायको आजारी असताना शेजारी बसून टीव्ही बघतात. गोड खात सुटतात. पैसे उधळतात. घरच्यांना काय वाटतं? निवृत्त झाले आणि ताळतंत्र सुटलं. कुणी म्हणतं, खरा स्वभाव आता बाहेर पडला. वर्षानुवर्षं भांडणं होतात, मुलं बोलणं टाकतात, आणि मग कधीतरी तपासणी होते. तोवर नात्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यांना विचाराल तर असं वागू नये हे ते कदाचित सांगतीलही. आणि त्यामुळेच आपला राग वाढतो : 'कळतंय ना? मग?' हा 'मग?'च चुकीचा आहे. पन्नाशी-साठीनंतर माणसाचा स्वभाव ध्यानात येण्याइतका बदलला, तर आधी डॉक्टर आणि मग दोष, हा क्रम पाळा.

आता कायदा. १८४३ साली इंग्लंडमध्ये मॅक्नॉटन खटल्यानंतर जे नियम ठरले, त्यांच्या वळणावर आपल्या १८६० च्या दंड संहितेचं कलम ८४ बेतलेलं होतं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ आहे. कसोटी तीच : मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्यास तो असमर्थ होता का? म्हणजे कायदा कळण्याविषयी विचारतो. वळण्याविषयी विचारत नाही. ललाटखंडाचा रुग्ण या कसोटीत सज्ञान ठरतो.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचंही तसंच. ललाटखंडाची जुळणी विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. शांतपणे विचारलं तर या वयाचा मुलगा जवळजवळ मोठ्यांइतकंच बरोबर सांगतो. पण गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात, गाडी चालवण्याच्या खेळात मित्र शेजारी असले की कुमारवयीन मुलं एकट्याने खेळताना घेत त्याहून कितीतरी जास्त धोका पत्करत होती. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची प्राथमिक पारख करताना परिणाम समजण्याची क्षमता बघतात. त्याला परिणाम समजतातच हो! प्रश्न आहे तो त्या क्षणी, त्या संगतीत, ती समज कामाला येते का हा.

'मेंदूने केलं' ही सबब नव्हे

याचा अर्थ सगळ्यांना सोडून द्यायचं का? नाही. 'माझ्या मेंदूने करवलं' हे वाक्य कुणालाच सुटका देत नाही, कारण ते सगळ्याच कृत्यांना लागू पडतं. दान करणाऱ्याचाही मेंदूच चालतो. मेंदू रागावत नाही आणि ठरवतही नाही. रागावतो, ठरवतो तो माणूस, मेंदूच्या साहाय्याने. प्रश्न मेंदूत कारण आहे की नाही हा नसून, स्वतःला आवरण्याची यंत्रणा धड आहे की नाही, हा आहे. ती धड असेल तर जबाबदारी पुरती. अर्धवट असेल तर जबाबदारीही अर्धवट, आणि उरलेला वाटा भोवतालच्यांनी उचलायचा.

तो कसा उचलायचा? इथे गेजच्या घोडागाडीकडे परत या. माल्कम मॅकमिलन यांनी गेजवर सगळ्यात कसून संशोधन केलं. त्यांचा तर्क असा की ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेलं काम, यांनी गेजला हरवलेला लगाम काही अंशी बाहेरून पुरवला.

मराठीत 'वळत नाही' म्हणतात आणि 'वळण लावणं'ही म्हणतात. शब्द एकाच घरातले आहेत. समजावून फक्त कळतं. वळायला वळण लागतं, म्हणजे वेळ, सराव, संगत आणि घरातली मांडणी. जिलबीचं वाईटपण पुन्हा पुन्हा ऐकवण्यापेक्षा जिलबी ताटासमोर न ठेवणं जास्त उपयोगी. मुलाला दहा व्याख्यानं देण्यापेक्षा तो कुणाबरोबर गाडीवर बसतो ते बघणं जास्त उपयोगी. व्याख्याता असून हे सांगतोय, म्हणजे बघा.

प्रश्नोत्तरं

श्रोता : सर, मग मनोनिग्रहाचा काहीच उपयोग नाही का? संतांनी तर त्यावरच भर दिलाय.

उत्तर : उपयोग आहे. पण संतांनी नुसतं 'आवर घाला' एवढंच सांगितलं का? नित्यनेम सांगितला, नामस्मरण सांगितलं, वारी सांगितली, सत्संग सांगितला. हे सगळं वळण आहे. निग्रह एकट्याच्या जोरावर, ऐन मोहाच्या क्षणी होईल, या भरवशावर ते राहिले नाहीत.

श्रोता : घरातल्या माणसाला आजार आहे हे कळलं, तरी त्याच्या बोलण्याने मनाला लागतंच. त्याचं काय करायचं?

उत्तर : ताई, तुम्ही 'पंचदशी'तलीच गोष्ट विचारताय. दोरी आहे हे कळल्यावरही थरथर लगेच जात नाही. तुम्हाला राग येतो, वाईट वाटतं, यात तुमचं काही चुकत नाही. तुमचाही मेंदूच आहे. रागाच्या भरात निवाडा करू नका, एवढं जमलं तरी खूप. आणि सांभाळणाऱ्यालाही आळीपाळीने सुट्टी हवी. ती मागायला संकोच करू नका.

वेळ संपलीय.